म्हस्कूचा पाय ब्रेकवर नव्हता

मित्रांनो, निरवांगीत हिंदुरावआबांच्या गोठ्याला लागून एक हिरवी जीप उभी दिसते. टपाचं कापड दोनदा बदललेलं, डावा दिवा जरासा तिरळा. ती मी. वयाने मी तुमच्या बापाच्या बरोबरीची असेन, पण ऐकू मला अजून चांगलं येतं.

कारखान्यात मला जोडत होते तेव्हा इंजिन बसलं आणि मला वाटलं, झाले मी पुरी. मग अगदी शेवटी एका कामगाराने ड्रायव्हरच्या पायाखालच्या लहानशा टाकीत वाटीभर पातळ ब्रेक ऑइल ओतलं आणि पायडल दाबलं. माझी फिरती चाकं जागच्या जागी थांबली. मी थक्क झाले! पळवायला केवढं ते धूड इंजिन, आणि थांबवायला वाटीभर पातळ पदार्थ. करंगळीहून बारीक नळ्यांतून माणसाच्या पायाचा जोर निघतो आणि चारही चाकांना एकाच क्षणी कळतो. ते नवल माझ्या मनातून आजही गेलेलं नाही.

पहिली बरीच वर्षं मी एका सरकारी खात्यात कालव्यांची पाहणी करणाऱ्या साहेबांना फिरवलं. पुढे लिलावात हिंदुरावआबांनी मला घेतलं आणि म्हस्कूच्या हाती दिलं. म्हस्कू आधी त्यांची बैलगाडी हाकायचा. माझ्यावर बसताना तो चपला सीटखाली ठेवायचा आणि अनवाणी पायाने मला चालवायचा. ‘गाडी पायाला कळाय पायजे,’ असं त्याचं म्हणणं. बियाणं, बाळंतिणी, लग्नाची वऱ्हाडं, सगळं आम्ही दोघांनी वाहिलं. रोज सकाळी वाड्यावस्त्यांवरच्या नऊ मुली हायस्कुलात पोचवायच्या हेही आमचंच काम. त्यांत आबांची लेक श्रेयाही होती. एसटी त्या बाजूला फिरकत नसे, त्यामुळे आम्ही नाही तर शाळाच नाही असा मामला होता.

गोष्ट आहे १९९५ सालची. खंडेनवमीला आबांच्या घरी साऱ्या अवजारांची पूजा असते. आबांची आई, दगडाबाई, त्या दिवशी हाती तेलाचा डबा घेऊन अंगणभर फिरायची. विळा, कुऱ्हाड, पहार, कडबाकुट्टीचं यंत्र, शिलाई मशीन, कुणाला म्हणून ती कोरडं ठेवत नसे. म्हस्कूने मला धुतलं होतं. माझ्या टाकीचं झाकण उघडून ब्रेक ऑइल किती आहे ते त्याने पाहिलं आणि बाटली आणायला तो घरात गेला. तेवढ्यात म्हातारी आली. तिने वाकून पाहिलं, टाकी थोडी रिकामी दिसली. ‘अगं बया, तुला कुणीच इच्यारलं न्हाय व्हय?’ म्हणत तिने कुट्टी यंत्राचं तेल माझ्या टाकीत काठोकाठ ओतलं, झाकण लावलं, वर हळदकुंकूही वाहिलं. म्हस्कू परत आला. झाकणावर हळदकुंकू आणि फूल पाहून त्याने देवाचं काही उसकटायला नको म्हणून बाटली तशीच परत नेली. म्हातारीच्या मायेने माझा ऊर भरून आला होता, हे मी कबूल करते. त्या मायेने काय होणार हे मला तरी कुठे ठाऊक होतं!

आठवड्याभरात माझं पायडल दाबल्यावर वर यायला कुचराई करू लागलं. पुढच्या आठवड्यात चाकं तापून जळका वास यायला लागला. आणि एका सकाळी कालव्याच्या उतारावर, नऊ मुली मागे बसलेल्या असताना, म्हस्कूने पायडल दाबलं ते थेट तळाला टेकलं. खाली काही नव्हतंच. म्हस्कूने दुसरा गिअर, मग पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि मला उसाच्या फडात घातलं. ऊस मोडला, पण मुलींना साधं खरचटलंही नाही.

पहिल्या मिस्त्रीने चाकांतले ब्रेक लायनर बदलले. दुसऱ्याने नळ्यांतली हवा काढली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पायडल पुन्हा खाली. तापलेले ड्रम पाहून दुसरा मिस्त्री म्हणाला, ‘डायवर ब्रेकवर पाय ठिवून गाडी चालवतोय. वय झालं की आसं हुतं.’

कालव्याच्या उतारावर आबांची पोर गाडीत होती. त्यांनी म्हस्कूला अंगणात, सगळ्यांसमोर सांगितलं, ‘दिवाळीची सुट्टी संपली की दुसरा डायवर बघतो. तू आता गाडीला हात लावू नगंस.’

‘आबा, माजा पाय ब्रेकवर नव्हता,’ म्हस्कू म्हणाला.

‘मग काय गाडीनं सोताच ब्रेक दाबला?’

म्हस्कूने किल्ली ओट्यावर ठेवली आणि सीटखालून चपला काढून घेतल्या. मित्रांनो, खरं काय ते साऱ्या जगात मला एकटीला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं. इतकी लाज मला माझ्या लोखंडी जन्माची कधी वाटली नव्हती.

शाळा उघडायला चार दिवस उरले तेव्हा बारामतीहून बुद्धभूषण मिस्त्री आला. मूळचा कऱ्हाटीचा, आयटीआय शिकलेला, भिगवण रस्त्याला त्याची स्वतःची गाड्या दुरुस्तीची शेड. ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर आणू नका, मीच येतो, असा त्याचा निरोप होता. आबांनी त्याला दुसऱ्या मिस्त्रीचं म्हणणं ऐकवलं. पिशवीतून पाना काढण्याआधी त्याने बूट काढले. अनवाणी पायाने माझं पायडल हळूच दाबलं आणि डोळे मिटून तसंच धरून ठेवलं.

‘पाय सावकाश खाली जातोय,’ तो म्हणाला. ‘हवा असती तर पायडल स्पंजासारखं लागलं असतं. तसं लागत न्हाय.’ मग तो चाकांमागे आणि नळ्यांखाली हात फिरवून आला. बोटं कोरडी होती. ‘भाईर कुठं गळत न्हाय. म्हंजी दुखणं आत हाय.’

मग त्याने जॅक लावून माझं पुढचं चाक उचललं. पायडलवर कुणाचाही पाय नव्हता. ‘आबा, फिरवा बघू.’

आबांनी दोन्ही हातांनी जोर लावला. चाक हलेना. बुद्धभूषणने चाकामागचं तेल सोडायचं निपल अर्धा आटा ढिलं केलं, कोंडलेल्या तेलाची चिळकांडी उडाली, आणि माझं चाक गरगर फिरलं.

‘पाय नसताना ब्रेक धरून बसलाय,’ बुद्धभूषण म्हणाला. ‘म्हस्कूतात्यांचा पाय ब्रेकवर नव्हता, आबा.’

जे मी ओरडून सांगायला तडफडत होते ते या माणसाने माझ्या चाकाकडून वदवून घेतलं! कुंपणापाशी म्हस्कू उभा होता. त्याने टोपी काढून तोंड पुसलं.

मग बुद्धभूषणने टाकीच्या आतले रबरी वॉशर काढले. ते भिजवलेल्या चिंचोक्यासारखे टम्म फुगले होते. त्याने काचेच्या पेल्यात माझ्या टाकीतलं थोडं तेल घेतलं, वर पाणी ओतून ढवळलं. ‘ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. हे बघा, वर काय तरंगतंय. ह्यात कुणीतरी यंत्राचं तेल घातलंय. त्यानं रबर फुगतं, आधी ब्रेक धरून ठेवतं, मग साफ सोडून देतं.’

सगळ्यांच्या नजरा पुन्हा म्हस्कूवर गेल्या. टाकी भरायचं काम त्याचंच होतं ना! माझा जीव पुन्हा टांगणीला लागला.

तेवढ्यात ओट्यावर पावटा सोलत बसलेली दगडाबाई उठली. ‘आरं, त्ये तर मी घातलं. खंडेनवमीला. बिचारीची टाकी रिकामी व्हती.’ तिने आतून तेलाचा डबा आणून दाखवला, आणि मग सगळ्यांचे चेहरे पाहून तो खाली ठेवला. ‘माज्या हातनं पोरी मेल्या असत्या व्हय रं?’

‘म्हस्कूतात्यांनी वाचवल्या, आज्जी,’ बुद्धभूषण म्हणाला.

दिवसभर काम चाललं. सगळ्या नळ्या धुतल्या, रबरी होज आणि वॉशर नवे घातले, नवं ब्रेक ऑइल भरलं. हवा काढायला पायडलवर माणूस लागतो. बुद्धभूषणने परस्पर म्हस्कूला बसवलं. ‘दाबा. धरा. सोडा.’ चाकामागून आवाज यायचा आणि तो ओळखीचा अनवाणी पाय दाबायचा, धरायचा, सोडायचा. दर दाबाला माझं पायडल थोडं थोडं वर येऊन त्याच्या तळव्याला भेटत होतं.

ऊन उतरताना सगळं झालं. चाचणी घ्यायची होती. आबांनी ओट्यावरची किल्ली उचलून म्हस्कूच्या हातात दिली. मग ते अंगण ओलांडून दूर गेले, माझ्या वाटेत मधोमध उभे राहिले आणि त्यांनी आमच्याकडे पाठ केली.

‘म्हस्कू, आण गाडी,’ ते तिकडे तोंड करूनच म्हणाले. ‘जोरात आण.’

म्हस्कूने चपला काढून सीटखाली ठेवल्या. मी सुटले. आबांचं पांढरं पागोटं झपाट्याने जवळ येत होतं आणि ते हलत नव्हते. मग पायडल दाबलं गेलं, वाटीभर पातळ पदार्थाने चारही चाकांना सांगावा दिला, आणि मी आबांच्या पाठीपासून हातभर अंतरावर थांबले. आबा वळले. त्यांचे डोळे ओले होते. ते येऊन म्हस्कूच्या शेजारी बसले आणि म्हणाले, ‘सोमवारी पोरींना न्यायला येळ लावू नगंस.’

त्यानंतरही दगडाबाई दर खंडेनवमीला डबा घेऊन यायची, पण आधी म्हस्कूला हाक मारायची, ‘हिला काय चालतं रं?’ मित्रांनो, तुम्हीही तेवढं विचारत जा. पायडल जरा वेगळं लागलं तर तेच माझं बोलणं समजा, आणि उतार येण्याआधी ऐका. आणि कुणी माणूस ‘माझा पाय ब्रेकवर नव्हता’ असं म्हणाला, तर त्याची किल्ली काढून घेण्याआधी एकदा माझं चाक उचलून फिरवून बघा.