ठमीचं पोट

चष्मेवाले काका आणि त्यांची ताई, दोघंही बिनलग्नाची, एकाच घरात म्हातारी होत चालली होती. आणि साठीच्या तोंडावर ताईने चक्क लग्न केलं! नवऱ्याला दमा, त्यामुळे मांजर न्यायची सोय नव्हती. ती दुसऱ्या गावी गेली आणि तिची ठमी काकांच्या गळ्यात पडली.

ठमीने काकांना कधीच भाव दिला नव्हता. ती ताईच्या पलंगाखाली जाऊन बसली, ती बाहेरच येईना. काकांना मनातून तिचं पटत होतं. फक्त त्यांना रोज चष्म्यांचं दुकान उघडायचं होतं.

मग तिचं पोट वाढू लागलं.

"काका, आजोबा होणार तुम्ही!" शेजारीण हसली.

पण पाठीचा कणा हाताला लागत होता, आणि ताटलीतलं अन्न तसंच वाळून जाई.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सुईने पोटातलं पाणी काढलं, सोनोग्राफी केली. "आतड्यात कॅन्सरची गाठ आहे, यकृतापर्यंत पसरलीय. ऑपरेशनने नुसते हाल होतील. औषधावर काही दिवस बरे जातील. पाणी मात्र पुन्हा भरणार. आणि उलट्या थांबेनाशा झाल्या तर लगेच आणा, आतडं बंद झालेलं असेल."

"ठमी काय म्हणतेय?" ताईने फोनवर विचारलं.

"मजेत. खाऊन खाऊन सुटलीय नुसती."

गोळी द्यायला काका तिला टॉवेलात गुंडाळत. सुरुवातीला तिने बोचकारून हात सोलून काढले. पुढे अंगात त्राण उरलं नाही तशी ती त्यांच्या मांडीवरच पडून राहू लागली. काकांना बरं वाटे, आणि बरं वाटल्याची लाजही वाटे.

एका सकाळी उलट्या थांबेनात. दवाखान्यातूनच काकांनी ताईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"इतके दिवस का लपवलंस?"

"तू धावत आली असतीस."

"मग? येऊ नये का मी?"

काकांच्या तोंडून निघून गेलं, "माझ्यासाठी नाही आलीस कधी."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "थांब. मी निघते. संध्याकाळपर्यंत पोचते."

"संध्याकाळपर्यंत थांबता येईल?" काकांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. "फार दुखतंय हो तिला."

ठमी तोंड उघडून श्वास घेत होती. काकांनी तिला छातीशी धरलं आणि ते म्हणाले, "द्या इंजेक्शन."

ताई पोचली तेव्हा मागच्या अंगणातली माती अजून ओली होती. ती रागावली नाही. स्वयंपाकघरात दोघं बसून राहिली, चहा गार होऊन गेला.

"शेवटी कुठे बघत होती रे?"

ठमी काकांच्या तोंडाकडे बघत होती. डोळे विझेपर्यंत, एकटक.

"दाराकडे," काका म्हणाले. "तुझी वाट बघत."

ताई हुंदके देऊन रडली. सकाळी निघताना म्हणाली, "येत जाईन रे मी."

काका "हो" म्हणाले. गाडी वळणाआड गेल्यावर ते उरलेल्या गोळ्या घेऊन दवाखान्याकडे निघाले, दुसऱ्या कुणाच्या मांजराला उपयोगी पडतील म्हणून.