वज्रबाबांचं लांब मॅगझिन

निर्मळच्या तळ्यामागच्या मैदानात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. वाडीतली कामं अर्धवट टाकून बाया आल्या होत्या, कुंपणाला सायकली टेकवून बाप्ये उभे होते, पोरं तर पार मातीच्या बांधाजवळ जाऊन बसली होती. त्या बांधापुढे लाल पडदा बांधून वज्रबाबा हात उंचावून बोलत होते.

"माझ्याकडे जात नाही, धर्म नाही. गोळी कुणाची जात बघते का? मग माझा ताईत तरी कशाला बघेल? बंदूक तुमची, नेमबाज तुमचा, मडकी तुमच्या बाजारातली. बाबाचं काय? नुसता आशीर्वाद."

आशीर्वादाची दक्षिणा वेगळी. ती चेला थाळी फिरवून गोळा करत होता.

बंदूक मात्र खरोखरच गावची होती. लष्करातून निवृत्त झालेल्या आलोशियस अंकलची ती परवान्याची रायफल, आणि अंकलचा नेम अख्ख्या वसईला माहीत. गोळ्या भरून रायफलीला खालून लावायची जी डबी असते, तिला मॅगझिन म्हणतात. अंकलनी आपलं पाच गोळ्यांचं आखूड मॅगझिन लावलं, पाच बार काढले आणि पडद्यापुढे मांडलेली पाच मडकी फोडली. मग बाबांनी सहाव्या मडक्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्याचा ताईत बांधला.

"पाचाने काय होतंय? उद्या कोणी म्हणेल, चुकून वाचलं. हे घ्या दहा गोळ्यांचं. सव्वा लाख जप करून मंतरलंय."

झोळीतून निघालेलं ते लांब मॅगझिन चेल्याने भरूनच दिलं. अंकलनी ते त्याच रायफलीला लावलं. ढोल कडकडू लागला. एकामागून एक दहा बार झाले, चेला पडलेली रिकामी पुंगळी न् पुंगळी प्रसाद म्हणून वेचत राहिला आणि मडकं काही जागचं हललं नाही.

लोकांनी जयजयकार केला. रेजिना मात्र नवऱ्याकडे बघत होती.

तिचा नवरा फ्रेडरिक पहिल्याच रांगेत होता. त्याच्या केळीच्या वाडीवर एका बिल्डरची माणसं टपून होती. नव्वदच्या दशकातली ती सालं. वसईत जिकडेतिकडे इमारती उठत होत्या आणि जमीन द्यायला नाही म्हटलं की दारात जीप येऊन उभी राहायची. गेल्याच महिन्यात शेजारच्या वाडीच्या फाटकावर त्या लोकांनी हवेत गोळ्या झाडल्या होत्या. आता फ्रेडरिकलाही निरोप आला होता, कुंपण घालायला येतो; ठरवलेली सकाळ उद्याचीच होती. निरोप आल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. काल शेजारच्या गावात बाबांचा खेळ बघून आला आणि ढाराढूर झोपला. रेजिनाला त्या झोपेचंच जास्त भय वाटलं.

"उद्या तू एकटाच फाटकावर जाणार?" तिने विचारलं.

"ताईत बांधून जाणार. झाडू दे त्यांना किती झाडायच्या त्या."

"आणि लागली तर?"

"समोर बघतेस ना? की डोळे घरी ठेवून आलीस?"

तेवढ्यात बाबा गरजले, "आता मडक्याच्या जागी माणूस! आहे कोणी मर्द?" फ्रेडरिकचा हात सगळ्यांत आधी वर गेला. चेल्याने त्याला बांधापाशी नेऊन उभं केलं, ताईत त्याच्या गळ्यात घातला आणि लांब मॅगझिन परत भरायला घेतलं.

रेजिना गर्दीतून मागे वळली. तिची नणंद क्लारा हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची आणि एनसीसीच्या मुलींना नेमबाजीही. ती नुकतीच शाळेतून स्कूटरवर येऊन अंकलशी बोलत उभी होती. रेजिनाने जाऊन तिचा हात घट्ट धरला.

अंकल नेम चुकल्याच्या शरमेत होते. "ताईत नाय नि बीईत नाय," ते क्लाराला सांगत होते. "हे मॅगझिन लांबडं, जड. नळी खाली ओढते. गोळ्या जास्त तितका नेम कमी. माझं पाचाचं लावू दे, मग बघ."

"पण अंकल, मग गोळ्या गेल्या कुठे?" रेजिना रडवेली झाली होती. "मडक्याला सोडून बाजूने गेल्या ना? बाजूला पोरं बसलीत. एखाद्याला लागली असती म्हणजे?"

तिला काही शंका काढायची नव्हती. ती भीतीने विचारत होती. पण क्लारा लाल पडद्याकडे बघू लागली. फुटलेल्या मडक्यांमागे पडद्याला भोकं पडली होती. सहाव्या मडक्याच्या मागे, खाली, बाजूला, कुठेही कापड फाटलं नव्हतं.

"अंकल," ती म्हणाली, "मॅगझिन फक्त गोळी वर ढकलतं. गोळी एकदा नळीत गेली की मॅगझिनचा काय संबंध? पाचाचं असो की दहाचं, गोळी तीच, नळी तीच. वजनाने हात थोडा हलेलही. पण तुमचा नेम दहाच्या दहा वेळा मडकंभर चुकेल?"

"छे! मुळीच नाय," अंकल ताठ होऊन म्हणाले, आणि आपलंच म्हणणं आपण मोडलं हे मग त्यांच्या लक्षात आलं.

क्लारा पुढे झाली. "बाबा, एक विनंती. ताईत तुमचा, मॅगझिनही तुमचंच मंतरलेलं. गोळ्या तेवढ्या अंकलच्या खिशातल्या घेऊ."

"बाई, गोळ्या बदलल्या की ग्रहमान बदलतं. शनीची दृष्टी..."

"बंदूक आमची, मडकी आमची, मग शनीला आमच्या गोळ्यांचंच काय वावडं?"

गर्दीत हशा पिकला. चेल्याने मॅगझिन झोळीत सारायला हात नेला, पण अंकलनी ते त्याच्या हातून ओढून तळहातावर रिकामं केलं आणि ते बघतच राहिले. एकाही काडतुसाला पुढे शिशाची गोळी नव्हती. तोंडं चिमटून बंद केली होती.

"ही नुसती आवाजाची," अंकल म्हणाले. "शर्यत सोडायला वापरतात तसली. बार होतो, बाहेर काय येत नाय. भरलेलं हातात दिलं आणि मी बावळटासारखं लावलं. ढोलापुढे आवाजही कळला नाय."

बाबा डगमगले नाहीत. "बघा! मंत्राच्या तेजाने शिसं वितळून गेलं."

आणि खोटं कशाला सांगू, माना डोलल्या. बांधापाशी उभ्या फ्रेडरिकचीही डोलली. "अंकल," तो ओरडला, "भरा तुमच्या खऱ्या गोळ्या. माझ्यावरच झाडा. होऊन जाऊ दे."

 रेजिना धावत बांधापाशी गेली. तिने फ्रेडरिकच्या गळ्यातला ताईत ओढून काढला आणि मडक्याला बांधला.

"आधी मडकं," ती म्हणाली. आवाज कापत होता. "मडकं वाचलं तर तुझ्या शेजारी मी पण उभी राहते. पोरांना क्लारा बघेल."

 तिने फ्रेडरिकला दंडाला धरून गर्दीच्या मागे आणलं. क्लाराने बांधाजवळची पोरं उठवली. अंकलनी आपल्या गोळ्या बाबांच्या लांब मॅगझिनमध्ये भरल्या. या वेळी ढोल वाजला नाही. एकच बार झाला आणि ताईत बांधलेल्या मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

"मॅगझिन लांबडंच होतं," अंकल स्वतःशीच पुटपुटले.

फ्रेडरिक मटकन खाली बसला. छातीवर हात ठेवून तो त्या खापऱ्यांकडे बघत होता. बाबा आणि चेला पाय काढता घेत होते, त्यांना लोकांनी अडवलं.

"मी उद्या तसाच गेलो असतो," फ्रेडरिक बहिणीला म्हणाला. "लय भीती वाटते गं मला. कोणाला सांगणार? बाप्याने सांगायचं कसं?"

"जसं आत्ता सांगितलंस तसं," क्लारा म्हणाली.

त्याच संध्याकाळी गावकरी बाबांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले, आणि तिथेच बिल्डरच्या माणसांविरुद्ध तक्रारही लिहून आले. सकाळी फ्रेडरिकच्या फाटकावर अख्खं गाव उभं होतं, सोबत दोन हवालदार. जीप आली, थोडा वेळ घरघरत उभी राहिली आणि मागे फिरली. पुढे कोर्टात वर्षं गेली, पण वाडी राहिली आणि माणूसही राहिला.

तेव्हा मंडळी, भीती वाटण्यात लाज कसली? भीती सगळ्यांनाच वाटते, बाबालोकांचं दुकान तिच्यावरच चालतं. ती गळ्यात दोरा बांधून झोपवू नका. शेजाऱ्याला सांगा, पोलिसांकडे जा, आणि कोणी चमत्कार दाखवला तर भाबडा वाटला तरी प्रश्न विचारा. उत्तर देताना जो शनीला मध्ये आणतो, त्याची झोळी आधी तपासा.

रेजिना अजून तितकीच भित्री आहे. बायकोचं फार ऐकतोस, म्हणून लोक फ्रेडरिकला चिडवतात. "म्हणून तर चिडवायला सापडतो," तो म्हणतो आणि केळीला पाणी सोडायला जातो.