काकू पडल्याची बातमी

वैदेही दर शनिवारी बालाघाटची खबरबात मेलनं पाठवायची. नोकरी-शिक्षणासाठी पुण्या-नागपूरला गेलेली इथली पोरं ती वाचायची. वैनगंगेला पाणी किती, कुणाचं लग्न जमलं, वारासिवनीचा रस्ता झाला का. खाली दुलीचंद साडीवाल्यांची जाहिरात असायची, तिच्यावरच सगळं चालायचं. पण वाचक काही वाढत नव्हते.

म्हणून तिनं शेजारच्या अहिल्याकाकूंची बातमी टाकली. न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, गोंदियाला ऑपरेशन झालं. जरा रंगवूनच लिहिलं. पोरांनी ती मेल एकमेकांना धाडली आणि आठवडाभरात वाचक दुपटीवर गेले.

दुलीचंदांचा फोन आला. "भाभीजी, लोगों को यही चाहिए. हर हफ्ते किसी के घर का कुछ डालो."

तिलाही बरं वाटलं होतं. मग गुरुवारी काकूंच्या दारात रिक्षा थांबली आणि त्यांचा मुलगा अपूर्व उतरला. हातात एक पिशवी फक्त. पुण्यात त्याची सीएची परीक्षा चालू होती.

लेक परीक्षेला बसला की घरचं दुखणं त्याला कळू द्यायचं नाही, ही इथली रीत. काकू पलंगावरून रोज फोन करून "जेवला काय रे?" एवढंच विचारत होत्या.

आपल्या लहानग्या ऋताला कडेवर घेऊन वैदेही काकूंकडे गेली. पोरगी नेमकी हसत होती, तिला गप्प कसं करावं कळेना.

"काकू, अपूर्वले मी मेल पाठवत नाही. म्हणून मले वाटलं..."

"म्हंजे त्याले कळू द्यायचं नाही, हे तुले मालूम होतं," काकू म्हणाल्या.

वैदेहीनं मान खाली घातली.

"मेसमधली पोरं मले विचारत होती, वहिनी," अपूर्व म्हणाला. "आई चालते का आता म्हणून. मी म्हटलं, काहून, काय झालं तिले?"

"बुडाले त्याचे दोन पेपर," काकू म्हणाल्या. "आता सहा महिने थांबन." मग त्यांचा आवाज उतरला. "तू रोज येऊन बसत होती पोरी. मले वाटे, माया आहे. आता वाटते, पाहून राह्यली होती."

घरी येऊन तिनं माफी लिहायला घेतली. चार ओळी झाल्यावर थांबली. ही माफी वाचणार ते दुप्पट झालेले अनोळखी लोक, आणि पुन्हा काकूंचंच हाड त्यांच्यापुढे. तिनं ओळी पुसल्या. दुलीचंदांना फोन करून सांगितलं, यापुढे ज्याचं त्याला विचारूनच लिहीन, वाचक वाढोत की न वाढोत.

"फिर तो हमारा ऐड बंद कर दो," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी ती गल्लीत विचारत निघाली. पहिलंच घर लीलाबाईंचं. त्या ओट्यावर दोघी शेजारणींशी बोलत होत्या, तिला पाहून थांबल्या.

"काही कळवायचं आहे का, मावशी? तुम्ही म्हणाल तेवढंच लिहीन."

"बातमी आहे," लीलाबाई म्हणाल्या. "पण तुले नाही सांगत, बाई."

"हौ," वैदेही म्हणाली.

त्या शनिवारची मेल नदीचं पाणी आणि रस्ता एवढ्यावरच संपली.