पोटाचा अंदाज

“काका, भूक किती? शून्य ते दहा.” नर्सने पेन उचललं.

आचाऱ्याने डोळे मिटून पोटाकडे कान दिला. आत सुट्टीच्या दिवशीच्या कारखान्यासारखी शांतता होती. “शून्य,” तो म्हणाला. एकशे अठ्ठावीस किलोंच्या आयुष्यात आपण प्रथमच कुठल्यातरी परीक्षेत पहिले आलो, असं त्याला वाटलं.

महिन्यापूर्वी डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून त्याच्या जठराच्या माथ्याचं अस्तर हलकंसं जाळलं होतं. भुकेचा निरोप म्हणे तिथूनच निघतो. उपचार नवा, अजून चाचणीतला. दहा जणांत आचारी सातवा. “वजन उतरलं नाही, तर पुढच्या वर्षाची खात्री देत नाही,” असं डॉक्टर बोलले होते, आणि संमतीच्या कागदावर त्याच्याआधी बायकोनेच सही ठोकली होती.

तेव्हापासून तो तरंगतच होता. कारखान्याच्या कँटीनमध्ये कांदा परतल्याचा वास जवळून जाई, ओळख न दाखवता. वाफेकडे बघत त्याचा तास निघून जाई.

तेवीस वर्षं त्याने दोनशे माणसांचं जेवण मापाशिवाय रांधलं होतं. तांदळाच्या पिंपापुढे उभं राहायचं आणि आपलं पोट ‘बस’ म्हणेपर्यंत पातेल्यात वाडगे ओतायचे. पोटाने कधी दगा दिला नव्हता. आता मात्र ते फार लवकर ‘बस’ म्हणू लागलं. पहिल्या आठवड्यात रांगेतले शेवटचे पाच उपाशी राहिले. चौथ्यात चाळीस.

“मामा, नळी तुमच्या पोटात, मग आम्ही का बारीक होतोय?” पोती वाहणारा हमाल म्हणाला. रांग हसली.

मॅनेजर हसला नाही. “सोमवारपासून वजनकाटा वापरा. एक माणूस जरी उपाशी राहिला, तरी जेवण बाहेरून मागवीन. मग तुम्ही घरी आराम करा.”

“मोजून टाका की,” घरी बायको म्हणाली. “अख्खं जग मोजून टाकतं.”

“म्हणून तर जगाच्या जेवणाला चव नाही.”

“मग भूक परत हवीय का तुम्हाला?”

तो वाकून बुटांची नाडी बांधत होता. अकरा वर्षांनी, स्वतःच्या हाताने. ती त्या गाठीकडेच बघत होती. त्याने दुसरा बूट पुढे ओढला.

सोमवारी काटा ओट्यावर येऊन बसला. आचाऱ्याने कांदा फोडणीला टाकला आणि हमालाला आवारातून हाक मारली. “इथे बस. पिंपासमोर.”

“करायचं काय?”

“काही नाही. भूक लागू दे.”

तो वाडगे ओतत राहिला, नजर हमालाच्या गळ्यावर.

“पुरे?”

“अजून, मामा.”

हमालाने आवंढा गिळला. आणखी दोन वाडगे.

“आता?”

हमाल जरा मागे टेकला. “आता बरं वाटलं बघा.”

आचाऱ्याने पिंपाचं झाकण लावलं.

दुपारी रांगेतला शेवटचा माणूसही जेवून गेला. पातेल्याच्या तळाशी बरोबर एकाचं उरलं, तेवीस वर्षं त्याच्यासाठी उरायचं तेवढंच. आचाऱ्याने ते ताटात वाढून घेतलं आणि पुढ्यात घेऊन बसला. वाफ हळूहळू विरळ झाली. त्याने हात लावला नाही, आणि ताट उचललंही नाही.