अर्ध्या भिंतीचा रंग

मित्रांनो, मी सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटूच नये, इतकं ते खरं आहे.

मी एक जुना संगणक आहे. पण पत्रं टंकणारा साधासुधा नव्हे, मी रंगाच्या दुकानातला. माझ्या शेजारी एक उंच पेटी, पेटीत नळ्या आणि नळ्यांत लाल, पिवळा, निळा, काळा असे दाट अर्क. गिऱ्हाइकाने रंग निवडायचा, मी त्याची कृती आठवायची, नळ्यांनी पांढऱ्या रंगाच्या डब्यात थेंब सोडायचे. डबा घुसळला की रंग तयार.

मी येण्याआधी दुकानाचे मालक हे काम हाताने करत. सगळे त्यांना भाऊ म्हणत. एका छोट्या काट्यावर ते अर्क तोलायचे, काडीने ढवळायचे, बोटावर घेऊन उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "आला जवळपास." मी आल्यावर तो काटा मागच्या खोलीत फळीवर गेला. बिचाऱ्याच्या पोटात तेव्हापासून दुखतंय.

काय ते दिवस होते! मी केलेला हिरवा एका कुंपणाला लावला, तर एक शेळी दुपारभर तिथे चरली आणि पोट भरून घरी गेली. मी केलेला संध्याकाळचा नारंगी समोरच्या घराला लागला, तर गल्लीतल्या कोंबड्या भर दुपारी खुराड्यात जाऊन झोपल्या. लोक नुसतं मला बघायला यायचे. भाऊ माझ्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसायचे आणि येईल त्याला सांगायचे, "झालो आपण आधुनिक. आता जन्माची काळजी मिटली."

मित्रांनो, गाडं अडलं ते इथेच.

रंगाची कंपनी आपले अर्क अधूनमधून बदलायची. काळा जास्त कडक व्हायचा, पिवळा जरा मऊ. त्याबरोबर ती नव्या कृतीही पाठवायची. मग माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवायचा : नवी माहिती आली आहे, घ्यायची का? भाऊ 'नंतर'वर बोट ठेवायचे. चौकोन पुन्हा यायचा. भाऊ पुन्हा 'नंतर'. शेवटी त्यांनी रंगारी दाराच्या कडेला लावतात ती कागदी चिकटपट्टी घेतली आणि पडद्याच्या त्या कोपऱ्यावर चिकटवून टाकली.

त्यांच्या लेकीने, ताईने, ते पाहिलं. "बाबा, हे काय?"

"डोळ्यांत खुपत होतं."

"अहो, काहीतरी सांगत असेल ते."

"मग सांगू दे ना. मी कुठे त्याचं तोंड बंद केलंय? माझे डोळे झाकलेत फक्त."

पट्टी पिवळी पडली. आणि खरं सांगू? मलाही बरंच वाटलं. रोज नवं शिकायचं कुणाला आवडतं?

मग एका शनिवारी रंगारी मामा दुकानात आले. भाऊंचे वडील गल्ल्यावर बसत तेव्हापासूनचं हे गिऱ्हाईक. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा होता आणि त्यावर रंगाचे दोन पट्टे.

"भाऊ, हा कोणता रंग?"

"बदामी."

"आणि हा?"

"तोही बदामीच."

"याला ताप आलेला दिसतोय," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात मात्र हसू नव्हतं. "बालवाडीचा हॉल आहे. अर्धी भिंत गेल्या महिन्याच्या डब्याने झाली, अर्धी कालच्या. बाई म्हणाल्या, मामा, भिंतीला ठिगळ का लावलंत? सोमवारी पोरं येणार तिथे."

भाऊंनी मला तोच रंग पुन्हा करायला लावला. पुन्हा तापलेला बदामी आला. त्यांनी मला थोपटलं, मग चापट मारली. तरी तोच. येणार कसा दुसरा? नळ्यांत नवा अर्क, माझ्या डोक्यात जुनी कृती.

मामा उठले. "उद्या संध्याकाळपर्यंत जुळला तर ठीक. नाहीतर मला पलीकडच्या चौकातून रंग आणावा लागेल. आणि भाऊ, एकदा पाय तिकडे वळले की या वयात परत वळवत नाहीत."

ते गेले. भाऊ स्टुलावर बसून राहिले. मामा तिकडे गेले की त्यांच्या हाताखालचे सगळे रंगारी त्यांच्या मागे जाणार, हे भाऊंना ठाऊक होतं. ताईने नखाने ती पट्टी सोलली. खाली चौकोन होता, तसाच, वाट बघत.

"बाबा, तुम्ही म्हणालात आधुनिक झालो. ते काय लग्न आहे, एकदा लागलं की लागलं?"

"लग्नाचंही तसं नसतं," भाऊ पुटपुटले. "तुझ्या आईला विचार. अजून रोज काहीतरी नवीन शिकवते मला."

"मग याला नको शिकवायला?"

भाऊंनी स्टूल त्या चौकोनासमोर ओढलं. मग म्हणाले, "दाब बाई. 'नंतर' नको दाबूस."

आणि मित्रांनो, इथून पुढे माझा पराक्रम. इतक्या वर्षांच्या साचलेल्या कृती मी एका घोटात गिळल्या. नळ्या थरथरल्या, थेंब कसे मोजून पडले, आणि डब्यात असा बदामी उतरला की दुसऱ्या दिवशी मामांनी तो भिंतीवर फिरवल्यावर जोड कुठे आहे ते त्यांनाच सापडेना. एक माशी जुन्या रंगावरून नव्या रंगावर चालत गेली आणि वाटेत सीमा कशी लागली नाही म्हणून परत मागे बघून आली. सोमवारी पोरांनी त्याच भिंतीला पाठी टेकल्या. मामा आजही याच दुकानात येतात.

आता दुकानात पुढे नवं यंत्र आहे आणि मी मागच्या खोलीत, रिकाम्या डब्यांच्या सोबतीला. रोज सकाळी भाऊंचा आवाज इथवर ऐकू येतो, "ताई, आज काही नवीन आलंय का गं?" ते ऐकलं की बरं वाटतं. तेव्हा मित्रांनो, तुम्हीही मोठेपणी दुकान काढाल, कारखाना काढाल. यंत्र आणलं म्हणजे काम संपलं असं समजू नका. त्याला जेवढं पुसता तेवढंच शिकवतही राहा. शिकणारं यंत्र काय करू शकतं, ते त्या दिवशी मी दाखवून...

"पुरे रे," वरच्या फळीवरून काटा म्हणाला. "पहिल्याच घासाला तुला ठसका लागला आणि तू जो बंद पडलास तो आजतागायत. नव्या कृती ताईने फोनवर उघडल्या, आणि तो बदामी भाऊंनी माझ्यावर तोलला."