यारेमाची जागा

झबोरिव गावातल्या बेकरीत तिसऱ्या भट्टीवर मी दोन वर्षं राबतेय, पण भट्टी यारेमाची. त्याला सैन्यात बोलावलं तेव्हा कायद्याने त्याची जागा राखून ठेवली आणि तो परत येईपर्यंत म्हणून मला घेतलं. कुणी मला वाईट वागवलं नाही. फक्त पाव जरासा करपला की लगेच, "यारेमाच्या हातून असं नसतं झालं हं, झोया!" त्याचा एप्रन खुंटीवर तसाच. ट्रे ओढताना पाठीमागे कुणीतरी आपल्या पाळीची वाट बघत उभं आहे, असं सारखं वाटायचं. शेवटी मी वळून बघायचंच सोडून दिलं.

गेल्या हिवाळ्यापासून तो बेपत्ता आहे. बेपत्ता माणसाची नोकरी जात नाही. मालकाने पगारही चालू ठेवला. करात सवलत मिळते, त्यामुळे त्याच्या खिशाला फारशी चाट नाही. पगार जमा झाला की यारेमाची आई गल्लीभर सांगत सुटते, "मेलेल्याला कोण पगार देतं गं? आहे माझा पोरगा!"

माझं गाव लढाईत गेलं, परतायला घर नाही. मला पक्की नोकरी हवी होती, आणि ती पक्की होणार होती एकाच बातमीने. या विचाराची मला शिसारी यायची, तरी तो यायचाच.

मिरोनकाका निवृत्त झाले त्या दुपारी कँटीनमध्ये जेवण होतं. यारेमाची खुर्ची मांडलेली, शेजारी त्याची बायको स्तेफा. वोदका ओतायचं काम माझ्याकडे. रिकाम्या खुर्चीपुढचा ग्लास मी भरला आणि त्यावर काळ्या पावाचा तुकडा ठेवला. गेलेल्या भावासाठी घरी ठेवत आले होते, हाताला सवय.

सगळ्यांच्या नजरा त्या ग्लासवर खिळल्या. आमच्याकडे असा ग्लास मेलेल्या माणसासाठीच ठेवतात, आणि त्या पावाला जिवंत माणूस तोंड लावत नाही.

"बाईसाहेबांना घाई झालेली दिसतेय," कणीक मळणारी ओडार्का म्हणाली. "जागा पक्की झाली वाटतं?"

"तोंड आवर गं," मिरोनकाका म्हणाले, पण त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

मी तुकडा उचलायला गेले, तर स्तेफाने माझं मनगट धरलं. ती कानाशी वाकली.

"राहू दे जरा. त्याच्यासाठी आजवर कुणीच ठेवला नाही."

"म्हणजे?"

"त्याच्या बरोबरचा एकजण वसंतात येऊन सांगून गेला. त्याच्या डोळ्यांदेखत गेला यारेमा. कुणाला बोलू नकोस, झोया. पगार थांबेल त्या दिवशी म्हातारी प्राण सोडेल."

जे ऐकायला मी दोन वर्षं कान लावून होते, ते ऐकलं, आणि मला मोठ्याने रडावंसं वाटलं. सगळं टेबल आमच्याकडे बघत होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "सवयीने हात गेला. येईल यारेमा. आला की भट्टी त्याच्या ताब्यात देईन."

"मग तो तुकडा खा की," ओडार्का म्हणाली. "साधाच पाव आहे ना?"

मी पाव उचलून तोंडात टाकला. चावला. गिळला.

"हे बघा, खाल्ला! म्हणजे आहे आपला यारेमा," ओडार्का म्हणाली, आणि सगळे हसले. स्तेफासुद्धा.