बांगड्याचं पाणी

अरे ऐका ना, आमच्या मेघना वहिनीचं सोयाबीन! हसू नका, घोडपदेवच्या चाळीत, गॅलरीत, रंगाच्या डब्यात सोयाबीन.

झालं काय, पावसाळ्यात वहिनीचं पोटातलं बाळ गेलं, तिसऱ्या महिन्यात. डॉक्टर म्हणाले प्रोटीन खा, म्हणून दादाने सोयाबीनचं पाकीट आणलं. एकदा तिने मूठभर भिजत घातलं आणि विसरली. त्याला कोंब आले. आई म्हणाली फेकून दे, पण वहिनीला टाकवेना. लावलं.

आणि उगवलं, यार! गुडघ्याएवढं झालं, पानाच्या बगलेत जांभळी फुलं, इतकी बारीक की जवळ जाऊन बघावी लागतात. वहिनी कितीतरी दिवसांनी गुणगुणायला लागली. मग फुलं गळायला लागली. शेंगा धरायच्या, नखाएवढ्या, त्या पण गळायच्या. ही रोज वेचून एका वाटीत ठेवायची, आणि ती वाटी कोणी हलवायची नाही.

त्यातच दर्शनाताईचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं, डोहाळजेवण ठरलं. वहिनीने आधीच सांगून टाकलं, मी जेवण करीन, पण ओटी भरणार नाही. तिला कोणी काही बोललं नव्हतं हां, आईची शपथ. तिचं तीच म्हणाली, माझ्या हातात काही टिकत नाही, झाड पण नाही. ताई रडली.

मला सुचेना, म्हणून माझ्या मैत्रिणीला, नूपुरला बोलावलं. ती दापोलीला शेतीचं शिकते, सुट्टीला आली होती. तिने मातीत बोट घातलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. विचारते, "ह्याला पाणी कोण घालतं?"

वहिनी म्हणाली मी, सकाळी एक तांब्या. तेवढ्यात शेजारच्या रखमाकाकू दारातून पुटपुटल्या, "मी आपला बांगड्याचा पाणी घातलंय गो, विष नाय घातलंय."

मग एकेक बाहेर यायला लागलं. समोरच्या खोलीतली कोलंबीचं घालत होती, कोपऱ्यातली बोंबलाचं. आणि आई! आमची आई पण. आपल्याकडे कढीपत्त्याला मासे धुतलेलं पाणी घालतातच ना? प्रत्येकीला वाटत होतं पोरीचं झाड जगलं पाहिजे, आणि प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच घालतोय. गुपचूप.

नूपुर इतकी हसली की कठड्यावर बसली. म्हणाली, मुळं गुदमरलीत बिचारी. वर एवढं खत, म्हणून झाड नुसतं पानंच वाढवतंय. गॅलरीत ऊन पण धड नाही. तिने डब्याला खालून भोकं पाडली आणि सगळ्यांचं पाणी घालणं बंद केलं.

वहिनी मात्र हसली नाही. वाटी पुढे करून म्हणाली, "पाणी बंद केलं की गळणार नाहीत?"

"गळतील. कमी गळतील," नूपुर म्हणाली. "वहिनी, सोयाबीन चांगल्या शेतात पण निम्म्याहून जास्त फुलं टाकतं. झेपतील तेवढीच ठेवतं. त्यात कोणाचा दोष नसतो."

"म्हणजे हाताचा नाही."

"हाताने तर उगवलं ना."

वहिनी वाटी घेऊन आत गेली, आणि बराच वेळ नळ वाहत होता. आम्ही कोणी आत गेलो नाही.

डोहाळजेवणाला ताई हिरव्या साडीत, सगळ्या बायका ओळीने ओटी भरतायत, आणि मी सारखी स्वयंपाकघराकडे बघतेय. शेवटी वहिनी आली, हात पुसत. तांदूळ, नारळ, खण, सगळं रीतीने ताईच्या पदरात घातलं. आणि वर दोन हिरव्या शेंगा. टिकल्या होत्या ना तेवढ्या!

ताईचे डोळे भरले होते, पण बोलली काय माहितीये? "वहिनी, दोन शेंगांत भाजी कशी करू गं?"

वहिनी अशी हसली, अशी हसली.

फुलं अजून गळतात. वहिनी ती सकाळी केराबरोबर झाडून टाकते. त्या वाटीत परवा मला चटणी वाढली तिने.